नळीवरचा आकडा आणि कातडीवरचा आकडा
(वसंत व्याख्यानमालेत किहीम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आयोजकांमार्फत मी एक आगाऊ निरोप पाठवला होता, की येताना घरातली सनस्क्रीनची नळी बरोबर आणा. टेबलावर बऱ्याच जमल्या आहेत. त्यांच्याकडे वळूच, पण आधी प्रत्येकाने बाही थोडी वर करून दंडाची आतली बाजू पाहा आणि मग मनगटाची वरची. एकाच माणसाचे दोन रंग. आतला रंग जन्माचा आणि बाहेरचा किहीमचा.

सूर्याच्या लहरींची नोंद ठेवणं आपल्या तालुक्याला नवं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे चुंबकसूचीचं काम बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवायचं ठरलं आणि १९०४ मध्ये इथे नोंदी सुरू झाल्या. (कुलाबा म्हणजे मुंबईचा बरं का, आपला किल्ला नव्हे.) सूर्यावर वादळ उठलं की त्या नोंदींत थरथर उमटते. कातडीही तशीच नोंदवही आहे, फक्त तिचं पान उलटता येत नाही.

मेच्या मध्याला इथे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभी काठी रोवली तर तिची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैच्या अखेरीला पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा ढगांमुळे कुणाचं लक्ष जात नाही. पातळ ढगांतून मात्र अतिनील किरण बऱ्यापैकी उतरतात, म्हणून श्रावणातही माणसं रापतात. घड्याळ नसलं तरी चालेल, सावली पाहा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कातडीला महाग पडणारं आहे.

आता नळ्या. ही पहिली, एसपीएफ ५०. या आकड्याचा अर्थ काय? कातडी लाल व्हायला एरवी जितके किरण लागतात, त्याच्या ५० पट लागावेत. म्हणजे लाली आणणाऱ्या किरणांचा पन्नासावा हिस्सा आत येतो, ९८ टक्के अडतात. तीसच्या नळीने सुमारे ९७ टक्के अडतात. एका टक्क्यासाठी भांडायचं कारण नाही. भांडण वेगळ्याच गोष्टीवर व्हायला हवं. प्रयोगशाळेत हा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावतात. आपण लावतो त्याच्या चतुर्थांश, फार तर निम्मं. निम्मं लावलं की आकडाही निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. नळीवर ५० छापलेलं असतं, गालावर मात्र वीसही उरत नाहीत.

हिशोब करू. चेहरा आणि मान मिळून एका वेळी साधारण सव्वा ग्रॅम लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर रेघ ओढली की तेवढं होतं. ५० ग्रॅमची नळी रोज एकदा वापरली तर महिना-सव्वा महिना पुरते. दवाखान्यात मी पेशंटला एसपीएफ विचारतच नाही. नळी कधी घेतली, एवढंच विचारते. "मागच्या गणपतीला" असं उत्तर आलं, की पुढचं मला कळतं. अंगभर लावायचं तर एका वेळी तीसेक ग्रॅम जातात. चौघांचं कुटुंब मांडव्याला उतरून दिवसभर समुद्रात डुंबणार असेल, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावणार असेल, तर एका नळीत काहीच भागत नाही. म्हणून माझा सल्ला उलटा असतो. महागातली घेऊन पुरवून वापरण्यापेक्षा, सढळ हाताने लावणं परवडेल अशी घ्या.

आकड्याची आणखी एक गंमत आहे. एसपीएफ मोजतो लाली. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या पित्स बुईन शिखरावर १९३८ मध्ये चढताना भाजून निघालेल्या फ्रान्झ ग्रायटर या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने पुढे मलम काढलं आणि १९७० च्या दशकात हे मोजमाप रूढ केलं. गोऱ्या कातडीचं दुखणं, गोऱ्या कातडीचं माप. आपल्याला लाली सहसा कमी येते. आपली तक्रार असते काळवंडण्याची, डागांची आणि वांगाची. ती मुख्यतः दुसऱ्या जातीच्या अतिनील किरणांमुळे होते. हे किरण गाडीच्या बाजूच्या काचेतून सहज आत येतात. चालकांचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा दिसतो, तो यामुळेच. या किरणांसाठी नळीवर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतात, जपानमधून आलेली पद्धत आहे ती. तीन किंवा चार चिन्हं पाहून घ्या. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्दही हवेत. टेबलावरच्या या दोन नळ्यांवर यांतलं काहीच नाही. एकीवर मात्र 'उजळ कांती' ठळक अक्षरांत आहे. असो.

वांग असलेल्यांना आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश. सावळ्या कातडीत तोही डाग गडद करतो आणि बिनरंगाच्या बहुतेक मलमांना तो जुमानत नाही. त्यावर उपाय म्हणजे लोहाचे ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन. पांढरा थरही दिसत नाही, म्हणजे दुहेरी फायदा. आणि वांगावर मैत्रिणीने सुचवलेली स्टेरॉइडची क्रीम लावू नका. कातडी पातळ होते, मग तेच ऊन दुप्पट बोचतं.

सुरक्षित कोणतं, हा प्रश्न हल्ली फार येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत काही रासायनिक घटक रक्तात उतरलेले आढळले. रक्तात सापडणं म्हणजे अपाय झाला असं नव्हे. कंपन्यांकडून अधिक माहिती मागवावी, एवढाच त्याचा अर्थ. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोन खनिजांबद्दल प्रशासनाला अशी शंका नव्हती. गरोदर बाई, लहान मूल किंवा पटकन पुरळ उठणारी कातडी असेल तर मी झिंकवालं देते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम नको, त्याला झबलं आणि सावली. ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला घातक ठरू शकतं म्हणून हवाई बेटांवर २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, तेव्हा समुद्रात उतरणाऱ्यांनी तो शब्द नळीमागे वाचावा. दुसऱ्या बाजूला फायद्याचा पुरावाही भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी १९९२ ते ९६ या काळात सोळाशेहून अधिक लोकांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत कातडीच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे हा रोग विरळा आहे, कारण आपलं मेलॅनिन आपल्या बाजूने लढतं. पण ते वांगापासून वाचवत नाही.

मघाशी दारात एक मावशी भेटल्या. ओट्यावर सुकट-बोंबील वाळवतात, हयात उन्हात गेली आहे. "आमी काय लावायचं?" म्हणाल्या. त्यांना चारशे-पाचशेची नळी दर महिन्याला घ्या म्हणायला माझी जीभ रेटली नाही. घट्ट विणीचं सुती कापड, लांब बाह्या, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि वाळवणाची उलथापालथ सकाळी लवकर किंवा चारनंतर, असं मी सांगितलं. हे मलमापेक्षा स्वस्त आहे आणि दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. नाखवा मंडळींना मी काळा चष्मा सांगते. वर्षानुवर्षं पाण्यावरचं ऊन खाऊन डोळ्यांत नाखुना वाढतो, तिथे कुठलंच मलम पोचत नाही.

किनाऱ्यावर लिंबू सरबत पिळून देणाऱ्या मुलांनो, एक सांगायचं राहत होतं. हातावर लिंबाचा रस राहिला आणि ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहतात. दोष उन्हाचा नाही, लिंबातल्या द्रव्याचा आणि उन्हाचा मिळून आहे. हात धुवा, तेही साबणाने.

आता प्रश्न घेऊ. जाताना आपापली नळी ओळखून न्या, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवू नका. मुदत उलटून गेलेल्या तीन मी इकडे बाजूला काढल्या आहेत. त्या परत मिळणार नाहीत.