खेळांचे विनामूल्य थेट प्रक्षेपण : सोय आणि सापळा



पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली सोलापुरात झाला. १९५५ च्या नोव्हेंबर महिन्यात हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या आणि कसोटी क्रिकेटमध्ये द्विशतक झळकावणारा पहिला भारतीय हा मान मिळविला. ज्या गावाने त्यांना जन्म दिला, त्या गावाला हा पराक्रम डोळ्यांनी पाहण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे हैदराबादची गाडी पकडणे. दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू व्हायला अजून चार वर्षे आणि मुंबई केंद्र सुरू व्हायला सतरा वर्षे अवकाश होता. पुढे आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठीतून समालोचन सुरू केले, तेव्हा खेळ निदान मायबोलीत कानांवर पडू लागला. एका रेडिओभोवती सारी आळी गोळा होई.

आज त्याच सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा तरुण जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेला सामना हातातील मोबाईलवर पाहू शकतो. हे परिवर्तन लहान नाही. परंतु तो सामना त्याच्यापर्यंत पोहोचतो कोणत्या वाटेने, याकडे शिक्षकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी लक्ष देण्याची वेळ आली आहे. कारण वाटा दोन आहेत आणि वरवर पाहता दोन्ही सारख्याच फुकट दिसतात.

प्रथम चांगल्या बाजूचा विचार करणे न्याय्य ठरेल. २०२२ मधील फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आणि २०२३ मधील आयपीएल स्पर्धा जिओसिनेमा या मंचाने अधिकृत हक्क घेऊन मोबाईलवर विनामूल्य दाखविली. आयपीएलचे समालोचन बारा भाषांत होते, आणि त्यांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही होती. सोलापूरच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. येथे एकाच गल्लीत एका घरी तेलुगू, दुसऱ्या घरी कन्नड आणि तिसऱ्या घरी मराठी बोलली जाते. विडी वळणाऱ्या आजीला आणि शाळेत जाणाऱ्या नातवाला एकच सामना आपापल्या भाषेत ऐकता येणे, ही सोय पूर्वी कोणत्याच माध्यमाने दिली नव्हती.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात महिलांची पहिली प्रीमियर लीग स्पर्धा झाली. तीही मोबाईलवर विनामूल्य पाहता येत होती. माळशिरस तालुक्यातील मिरे गावच्या किरण नवगिरे हिने ५ मार्च रोजी गुजरातविरुद्ध ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या. तिच्या बॅटीवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. तेथे धोनीच्या नावाची आद्याक्षरे आणि त्याचा सात हा क्रमांक तिने स्वतःच लिहिला होता. माळशिरस, सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांतील मुलींना आपल्याच मातीतील मुलगी अशी खेळताना दिसावी, याचे मोल पैशात करता येत नाही. मुलगी मैदानावर जाण्यापूर्वी तिला मैदानावरची मुलगी दिसावी लागते.

कुस्तीचेही तसेच आहे. पूर्वी आखाड्याच्या कडेला बसलेल्यांनाच कुस्ती दिसे, बाकीच्यांना तिची वर्णने ऐकावी लागत. आता गावोगावची मैदाने आयोजक स्वतःच यूट्यूबवर दाखवितात, आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेला माणूस आपल्या यात्रेतील शेवटची कुस्ती तेथे बसून पाहतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड या सोलापूर जिल्ह्यातील दोन मल्लांची माती विभागात लढत झाली. तीत एका डावाला दिलेल्या गुणांवरून राज्यभर वाद झाला. तो डाव पुन्हा पुन्हा पाहून लोकांनी आपापली मते बनविली. वादाचा निर्णय काहीही असो, पंचांचे काम हजारो जाणकार डोळ्यांसमोर आले, ही गोष्ट खेळाच्या हिताचीच म्हटली पाहिजे.

हे सारे उजळ माथ्याने चालणारे विनामूल्य प्रक्षेपण होय. अडचण निर्माण होते ती हे दार बंद झाल्यावर. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन मोठे मंच एकत्र येऊन जिओहॉटस्टार सुरू झाला आणि आयपीएलचा सामना पूर्ण पाहण्यासाठी वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज आवश्यक झाला. दोन वर्षे फुकट पाहण्याची सवय लागलेला प्रेक्षक मग काय करतो? तो शोधयंत्रावर सामन्याचे नाव आणि ‘फ्री’ हा शब्द लिहितो. तेथून चोरवाट सुरू होते.

ही चोरवाट चालते कशी, हे समजून घेतले पाहिजे. कोणी तरी एक अधिकृत वर्गणी भरतो, पडद्यावर येणारे चित्र उचलतो आणि बहुधा परदेशातील सर्व्हरवरून ते पुन्हा सोडतो. तेच चित्र अनेक संकेतस्थळे आपापल्या पानावर लावतात. एक पत्ता बंद पडला की अक्षर दोन अक्षरांच्या फरकाने दुसरा उघडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये चित्रपटांच्या संदर्भात असा आदेश दिला की, बंद केलेल्या संकेतस्थळाची नवी नक्कल निघाल्यास तिच्यासाठी नव्याने दावा न करता त्याच आदेशाची व्याप्ती वाढविता यावी. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर तर स्पर्धेच्या काळात उगवणारी नवी चोरटी संकेतस्थळेही तत्काळ बंद करता यावीत, असा आदेश झाला. तरीही हा उंदीरमांजराचा खेळ चालूच आहे.

आता प्रश्न असा की, प्रेक्षकाकडून एक पैसाही न घेता हा उद्योग चालतो कशावर? हे उत्तर घरोघरी पोहोचण्याची गरज आहे. अशा पानावर सामना सुरू करण्याचे चिन्ह दाबले की प्रथम जाहिरातीचे दुसरे पान उघडते. ते बंद करावे तर तिसरे उघडते. खरे बटण कोणते आणि खोटे कोणते, हे मुद्दामच कळू दिले जात नाही. कोठे ‘सूचना पाठविण्यास परवानगी द्या’ असे विचारले जाते. ती परवानगी दिली की सामना संपल्यावरही दिवसरात्र फसव्या सूचना येत राहतात. कोठे ‘चित्र स्पष्ट दिसण्यासाठी हे ॲप घ्या’ म्हणून एपीके फाईल पुढे केली जाते. अधिकृत भांडाराबाहेरून घेतलेले असे ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि घाईत असलेला मुलगा ती देऊन मोकळा होतो. बँकेचा ओटीपी संदेशातूनच येतो, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात राहत नाही.

कष्टकरी कुटुंबात अनेकदा चांगला मोबाईल एकच असतो. मुलाची शिष्यवृत्ती, वृद्धांचे निवृत्तिवेतन, आईच्या खात्यावर येणारी लाडकी बहीण योजनेची रक्कम आणि गॅसच्या अनुदानाचा संदेश हे सारे त्या एकाच यंत्रावर येते. सामन्याच्या दोन तासांसाठी आईचा मोबाईल मागून घेणारा मुलगा त्या घराची तिजोरीच उघडी टाकून बसलेला असतो. ज्याला महिन्याची वर्गणी परवडते त्याचे नुकसान झाले तर तो सावरतो. ज्याला परवडत नाही म्हणून तो चोरवाटेला जातो, त्याच्यापाशी गमावण्यासाठी थोडेच असते, आणि तेच जाते.

दुसरा धोका सट्ट्याचा. चोरट्या पानांवर सट्ट्याच्या जाहिराती ठळकपणे झळकतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अशा जाहिराती टाळण्याविषयी माध्यमांना सूचना दिली होती. परंतु ज्याचा मालकच अज्ञात आहे, त्या संकेतस्थळाला सूचना कोण देणार? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. शिवाय सट्टा लावणाऱ्याला एक साधी गोष्ट माहीत नसते. इंटरनेटवरील चित्र मैदानावरील घटनेच्या मागे असते आणि चोरटे चित्र त्याच्याही मागे. शेजारच्या गल्लीत डिशवर सामना पाहणारे फटाके उडवितात तेव्हा या मोबाईलवर गोलंदाज अजून धावतच असतो. जो चेंडू टाकून झाला आहे त्यावर पैसे लावणाऱ्याचे काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

काही जण विचारतात की, क्रिकेट मंडळाने २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले, मग एका गरीब प्रेक्षकाने फुकट पाहिल्याने त्यांचे काय जाते? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मंडळाचे फारसे काही जात नाही, हे मान्य करावे. परंतु हीच सवय कबड्डीला, खो-खोला आणि टेनिसला लागू पडली तर चित्र बदलते. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ च्या इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासह दुहेरीत कांस्यपदक मिळविले. अशा खेळाडूंच्या वर्षभराच्या स्पर्धा दाखविण्यास वाहिन्या मुळातच फारशा उत्सुक नसतात. ज्या खेळाचा प्रेक्षक थोडा, त्याचा अर्धा प्रेक्षक चोरवाटेने गेला तर तो खेळ दाखविण्याचे धाडस पुढच्या वर्षी कोण करील?

आणि फुकट पाहण्याची इच्छा गैर आहे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेटच्याच एका प्रकरणात असा निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००७ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्र प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक केले. दूरचित्रवाणीच्या जाहिरात उत्पन्नातील किमान पंचाहत्तर टक्के वाटा हक्कधारकाला आणि पंचवीस टक्के प्रसार भारतीला, तर आकाशवाणीच्या बाबतीत निम्मे-निम्मे, अशी विभागणी ठरली. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय व वीस षटकांचे सामने, तसेच विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने या तरतुदीखाली येतात. आयपीएल येत नाही.

या कायद्याचे फळ डीडी फ्री डिशवर मिळते. एकदा छत्री आणि सेट टॉप बॉक्स विकत घेतला की पुढे महिन्याची वर्गणी नाही. मात्र येथे एक मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले की, हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या भूतल प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डिशवरच दाखविता येईल, केबलचालकांमार्फत नाही. केबलवर डीडी स्पोर्ट्स लावून सामना दिसला नाही म्हणून चिडणाऱ्यांना हे कारण सहसा ठाऊक नसते. मग ते दूरदर्शनला दोष देतात आणि मोबाईल उघडतात.

ग्रामपंचायतींना यात करता येण्यासारखे बरेच आहे. समाजमंदिरात किंवा वाचनालयात फ्री डिशचा एक संच बसविणे ही खर्चाची मोठी बाब नाही. त्यावर सामना दाखविताना तिकीट मात्र लावू नये. कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार हक्कधारकाच्या परवान्याविना पैसे आकारून प्रक्षेपण लोकांना दाखविणे हा हक्कभंग ठरतो, आणि ६३ व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. उत्सवात पडदा लावून ‘देणगी’ गोळा करणाऱ्या मंडळांनी हे आधी वाचलेले बरे. कोणाचा मोबाईल चोरट्या पानामुळे फसला आणि खात्यातून रक्कम गेली, तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळविले पाहिजे, म्हणजे रक्कम वाटेतच अडविण्याची शक्यता राहते. पोरगा सामना पाहत होता हे सांगण्याची लाज वाटून दोन दिवस दवडणारी कुटुंबे त्या संधीला मुकतात.

शिक्षकांनी मुलांना ‘पाहू नका’ असे सांगून उपयोग होणार नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर तो अधिकृतपणे कोठे दिसणार आहे एवढे लिहिले, आणि भांडाराबाहेरचे ॲप का घेऊ नये हे दहा मिनिटे समजावले, तर निम्मे काम होते.

एक प्रश्न मात्र गावपातळीवर सुटणारा नाही. २००७ चा कायदा झाला तेव्हा सामना म्हणजे दूरचित्रवाणी असे समीकरण होते. भूतल प्रक्षेपणाचे बहुतेक जुने मनोरे आता बंद झाले आहेत, आणि ज्या घरात टीव्ही नाही तेथेही मोबाईल आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्‌ज’ हे आपले ॲप आणले. पण हक्कधारकांवरील बंधन दूरदर्शनच्या डिशपाशीच थांबते, ते मोबाईलपर्यंत येत नाही. विडी कामगाराच्या एका खोलीतील मुलाला भारताचा सामना विनामूल्य पाहण्याचा जो हक्क डिशवर आहे, तो त्याच्या हातातील यंत्रावर आजही नाही.