टाकीतल्या माशांचा उन्हाळा

नागपूरचा मे महिना ज्यानं भोगला आहे त्यालाच तो कळतो. पारा ४५ च्या आसपास, नवतपा डोक्यावर आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माणसं पन्हं पिऊन, कूलरसमोर बसून दिवस ढकलतात. पण बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत फिरणाऱ्या माशांना सावलीला जाता येत नाही, की हाकही मारता येत नाही. त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. मी काही मत्स्यतज्ज्ञ नाही. बोलण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीनं मिळाला आहे.

आमच्या घरी तीसेक लिटरची टाकी होती आणि लेकीचे तीन गोल्डफिश. एका दुपारी वीज गेली. पाण्याचा पारा ३४ वर. तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मला वाटलं, बिचारे भाजताहेत. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन-अडीच किलोचा बर्फाचा खडा आणला आणि दिला सोडून टाकीत. अर्ध्या तासात पारा २६ वर आला आणि मी मोठ्या समाधानानं पंखा हलवत बसलो. संध्याकाळी एक मासा आडवा झाला. सकाळपर्यंत दोन गेले होते. लेकीनं विचारलं, ‘‘बाबा, त्यांना थंडी वाजली का?’’

तिचं बरोबर होतं. मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर वरखाली होतं. हा बदल हळूहळू झाला तर तो बराच सोसतो, एकदम झाला तर कोलमडतो. शिवाय मुळात रोगाचं निदानच मी चुकीचं केलं होतं. मासे वर येत होते ते श्वासासाठी. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि नेमकी त्याच वेळी माशाची भूक, हालचाल, प्राणवायूची गरज वाढलेली असते. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला, असा प्रकार. त्यात गोल्डफिश मूळचा चीनमधला, थंड पाण्याचा. गप्पी, मॉली, एंजल यांना २४ ते २८ अंश मानवतात. गोल्डफिशला त्याहून गारवा लागतो.

म्हणून पहिलं काम पाणी हलतं ठेवण्याचं. एअर पंप दिवसरात्र चालू हवा. वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो. तोही नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ. कंटाळवाणं काम आहे, पण मुलांना आवडतं.

दुसरं, टाकीचं झाकण काढून वर जाळी घाला, म्हणजे मासे उडी मारणार नाहीत. दिवा दुपारी बंद ठेवा आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. मुंबई-कोकणात, गोव्यात हवाच दमट, तिथे फरक कमी पडतो. मग प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली टाकीत तरंगत सोडावी. लहान बाटली, एका वेळी एकच आणि थर्मामीटरवर नजर. तासाला एखादा अंश उतरला तरी पुष्कळ झालं.

वाऱ्यानं पाणी आटतं, ते भरायचं तर दुपारी गच्चीवरच्या टाकीचं नको. ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं. आदल्या दिवशी घरात बादलीत भरून ठेवलेलं वापरावं, त्यातला क्लोरीनही तोवर बराचसा उडून जातो. खाणं निम्म्यावर आणा. उरलेलं खाणं आणि विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो आणि गरम पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. पाहुण्यांच्या मुलांना ‘‘टाका चिमूटभर’’ म्हणण्याचा उदारपणा मे महिन्यात करू नये.

वीज पाच-सहा तास गेली असेल तर आल्याबरोबर फिल्टर सुरू करू नका. आत साचलेली घाण टाकीत येते. स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात, वेगळ्या भांड्यात, पिळून घ्या आणि मग लावा. नळाखाली धुतलात तर क्लोरीननं त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कूलर आला की डास आले आणि डास आले की फवारा आला. डासांच्या बहुतेक फवाऱ्यांतली औषधं माशांना फार घातक असतात आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत फवारा मारूच नका.

आमचा तिसरा गोल्डफिश जगला. आता तो मोठ्या टाकीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर आहे. लेक रोज सकाळी आणि दुपारी तीनला पाण्याचा पारा बघते आणि दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. काल दुपारी तिथे २९ लिहिलं होतं.