यंत्राचा नकार हा शासनाचा नकार नव्हे

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील रास्त भाव दुकानदार आणि सेवा केंद्रचालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



देशातील पहिला आधार क्रमांक आपल्या खानदेशात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत तो समारंभ झाला. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात मोडत असे. ज्याच्यापाशी ओळखीचा एकही कागद नाही, अशा आदिवासी मजुरालाही आपला हक्क मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

परंतु ज्या बोटांनी कापूस वेचला, केळीचे घड वाहिले, विटा थापल्या, त्या बोटांवरील रेषा झिजतात. वार्धक्यात त्या अधिकच पुसट होतात. सातपुड्यातील कित्येक पाड्यांवर तर 'रेंज'च मिळत नाही. मग यंत्र ओळख नाकारते आणि म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत फिरते. यात तिचा काय दोष?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्याचा हक्क आहे. हा हक्क कायद्याने दिला आहे, यंत्राने नव्हे. आधार क्रमांक मिळालेला नसल्यास ओळखीचा अन्य मार्ग उपलब्ध करून द्यावा, असे आधार अधिनियम, २०१६ चे कलम ७ सांगते. ओळख पटली नाही म्हणून पात्र व्यक्ती वंचित राहता कामा नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात घेतली आहे.

तेव्हा बोटाचा ठसा जुळला नाही, तर केंद्र शासनाच्या २०१७ मधील सूचनांनुसार बुबुळांवरून अथवा भ्रमणध्वनीवरील सांकेतिक अंकांवरून ओळख पटवावी. तेही न जमल्यास कागदपत्रे पाहून, नोंदवहीत कारण लिहून धान्य द्यावे. "उद्या या" असे तोंडी सांगू नये. त्या एका शब्दाने मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो.

आणखी एक गोष्ट. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. म्हणून अंगठा कशासाठी घेत आहोत, हे त्या माणसाला त्याच्या अहिराणीत, भिलीत वा पावरीत समजावून सांगावे आणि त्याच्या कार्डाची प्रत अन्य कामासाठी वापरू नये.

टेंभलीला दिलेला शब्द पाळणे आपल्याच हाती आहे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.