मुलांच्या हातचा मूकपट

(कुपवाड परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना चित्रपटनिर्मितीची आणि संकलनाची प्राथमिक ओळख कशी करून द्यावी, या विषयावर मला आज बोलावयाचे आहे. विषयाचे नाव उच्चारताच आपल्यापैकी काहींच्या मुखावर उमटलेले स्मित माझ्या नजरेतून सुटले नाही. वाचन, लेखन व गणित यांतील अपेक्षित प्रगती अद्याप पुरती साधत नाही; पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, माहितीची पत्रके यांचा तगादा नित्याचा आहे; असे असता हा नवा उद्योग कशासाठी, असा प्रश्न त्या स्मितामागे असावा. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधावयास मात्र फार दूर जावे लागत नाही. येथून पन्नासएक किलोमीटरवरील कोल्हापूरपर्यंत गेले तरी पुरे.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री, ज्यांना महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, ते 1890 साली कोल्हापुरात एका कारागीर कुटुंबात जन्मले. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केली. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. चित्रपटाने त्यांना वेड लावले, पण परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा तो आपणच घडवावा असे त्यांनी ठरविले. ही खटपट चालू असतानाच 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने ते काम तडीस नेले, तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 साली तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. त्या कंपनीत वर्ग नव्हते, फळा नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. शिकाऊ माणसाने पडेल ते काम करावयाचे: आज पडदा रंगविणे, उद्या सामान हलविणे, परवा रंगभूषा करून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे, आणि रात्री फीत धुणे व जोडणे. अशा उमेदवारीतून दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे तयार झाले. सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी 1929 साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली, ती संस्था 1933 मध्ये पुण्यास गेली. दामले व फत्तेलाल यांच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’चा पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्याच आवारात 1960 साली शासनाने चित्रपटविद्येची संस्था काढली. म्हणजे आपल्याकडे या विद्येचा अभ्यासक्रम सर्वांच्या शेवटी आला, विद्या त्यापूर्वी चाळीस वर्षे हाताने शिकली जात होती.

त्याच्याही आधीचे एक उदाहरण तर साक्षात प्राथमिक शाळेतले वाटावे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून परतले, तेव्हा भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी एक छोटे चित्रण केले. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसविला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्र घेत गेले. पडद्यावर ते मिनिटभरात सरकले. बी फुटते, कोंब वर येतो, वेल उंच होतो, हे लोकांनी प्रथमच डोळ्यांनी ‘घडताना’ पाहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला. त्याची वाट या वाटाण्याने मोकळी केली. हरिश्चंद्राच्या वेळी कच्च्या फितीच्या कडांना अंधारात बसून भोके पाडण्याचे जिकिरीचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले, हेही आपल्या मुलींना अवश्य सांगावे. ओल्या फडक्यात मटकी बांधून मोड आणण्याचा प्रयोग आपण दर वर्षी करतो. त्याच मटकीचे रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून एक छायाचित्र घेऊन ती ओळीने जोडली, तर फाळक्यांचा पहिला धडा आपल्या वर्गात गिरविला जाईल. एका अटीवर: जागा व अंतर बदलता कामा नये. त्यासाठी विटेवर खडूने खूण केली तरी भागते.

आता साधनाविषयी. फाळके व बाबूराव यांच्यापाशी जे नव्हते ते आज शिक्षकाच्या खिशात आहे. परंतु या सुबत्तेचा एक तोटा मला शाळाभेटीत सर्वत्र दिसतो. त्या काळी फीत महाग होती. कळ दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करी. बाबूराव तर प्रसंगांची रेखाटने आधी कागदावर काढीत. मोबाईलवर चित्रणाला पैसे पडत नाहीत, म्हणून मूल न पाहताच चित्रण करीत सुटते. तेव्हा जी टंचाई पूर्वी परिस्थितीने घातली होती, ती आता शिक्षकाने हेतुपुरस्सर घालावी लागेल. माझी सूचना अशी की, प्रत्येक गटास सहाच दृश्ये द्यावीत. दृश्य मनात दहा अंक मोजेपर्यंतच घ्यावे. आणि पहिला पट मूक असावा.

मूक कशासाठी, ते जरा विस्ताराने सांगतो. कुपवाडची औद्योगिक वसाहत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या आसपासच्या शाळांत आज घरी हिंदी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुले येतात. ती हुशार असतात, पण मराठी वाक्य जुळेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो आणि आपण त्यांच्या नावापुढे ‘अबोल’ असा शेरा मारून मोकळे होतो. वसाहतीलगतच्या एका शाळेत मी ही सहा दृश्यांची योजना करून पाहिली. एका गटात चौथीतली, परराज्यातून नुकतीच आलेली एक मुलगी होती. विषय होता ‘सकाळ’. तिने मांडलेली दृश्ये अशी: डबा भरणारे हात, डब्याचे झाकण बसते, चपला, दाराला कुलूप लागते, कुलपाची किल्ली मुलीच्या गळ्यातल्या दोऱ्यात, आणि शेवटी रिकामी वाट. आई कामाच्या पाळीवर गेली, हे सांगावयास तिला एकही शब्द लागला नाही. गटातल्या मराठी मुलांनी आईचा चेहराही दाखवावा असा आग्रह धरला. ती मानेनेच नाही म्हणाली आणि किल्लीवर बोट ठेवून राहिली. बराच वेळ वाद झाला, अखेर तिचेच म्हणणे टिकले. त्या दिवसापर्यंत तिच्या गळ्यात किल्ली असते, हे वर्गशिक्षिकेच्याही ध्यानात आलेले नव्हते.

हा जो वाद झाला त्याचेच नाव संकलन. दृश्ये घेणे म्हणजे धान्य घरी आणणे. निवडणे, पाखडणे ही कामे पुढेच असतात. मॉस्कोमध्ये 1919 नंतर कुलेशोव्ह नावाचे एक शिक्षक चित्रपटविद्या शिकवीत. देशात कोऱ्या फितीचा दुष्काळ होता, म्हणून ते विद्यार्थ्यांकडून जुन्याच फिती कापून निराळ्या क्रमाने जोडून घेत. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्याच्यापुढे सूपाचा वाडगा जोडला, एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण पाहणाऱ्यांस एकदा तो भुकेला वाटला, एकदा शोकाकुल. अर्थ दृश्यात असतो तितकाच दोन दृश्यांच्या सांध्यात असतो. मराठीच्या तासाला वाक्यांचा क्रम लावावयास आपण सांगतो त्याहून ही गोष्ट फारशी वेगळी नाही. फक्त येथे मुलाला क्रम चुकल्याचे स्वतःलाच दिसते, तांबड्या शाईची गरज पडत नाही.

यासाठी आरंभी यंत्रही नको. पाठकोऱ्या कागदाचे सहा तुकडे घ्यावेत, प्रत्येकावर एक चित्र काढावयास लावावे, मग ते जमिनीवर मांडून क्रम बदलून पाहावा. तिसरा तुकडा उचलून घेतला तर गोष्ट कळते का? कळत असेल तर तो तुकडा अनावश्यक होता. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि काढून टाकण्याचे धैर्य त्यातून येते. त्यानंतरच मोबाईल हाती द्यावा. फोनमध्ये दृश्याची दोन्ही टोके कापण्याची सोय बहुधा असतेच. शाळेत संगणक चालू स्थितीत असेल तर ओपनशॉटसारखी विनामूल्य आज्ञावली पुरेशी आहे.

चित्रणाच्या बाबतीत थोडेच सांगतो, कारण ते करूनच येते. फोन आडवा धरावा. दोन्ही कोपरे अंगाला टेकवावीत, किंवा फोन बाकावर दप्तराला टेकवून ठेवावा. फोन चोहीकडे फिरवीत राहण्याचा मुलांना मोह होतो. तो आवरावा, हालचाल कॅमेऱ्यापुढे व्हावी. एक गोष्ट लांबून, एक मध्यम अंतरावरून, एक अगदी जवळून घेतली की डोळ्यांना अंतराचा फरक कळू लागतो. जवळून घेण्यासाठी भिंग-बटणे न दाबता दोन पावले पुढे जावे. आपल्या वर्गखोल्यांत बहुधा दारातूनच उजेड येतो, तेव्हा ज्याचे चित्रण करावयाचे त्याचे तोंड दाराकडे असावे. दार पाठीशी आले की चेहरा काळा पडतो. आणि डावीकडून उजवीकडे चाललेला मुलगा पुढच्या दृश्यात उजवीकडून डावीकडे चालू लागला, तर पाहणाऱ्यास तो परत फिरला असे वाटते. ही चूक प्रत्येक गट एकदा करतो. करू द्यावी, पडद्यावर पाहताच तीच मुले हसतात आणि दुसऱ्या खेपेस रस्त्याच्या एकाच बाजूला उभी राहतात.

पालकसभेत आपण मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका असे सांगतो आणि शाळेत आपणच तो देतो, हा विरोध पालक आपल्या नजरेस आणून देतीलच. त्यांना सहा दृश्यांचा कागद दाखवावा. तासभर काम केले तर त्यात फोन पाच मिनिटे लागतो. उरलेला वेळ बोलण्यात, रेखाटण्यात आणि भांडण्यात जातो.

एक अप्रिय गोष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. एका शाळेत मुलांनी केलेला पट पाहुण्यांस दाखविण्यापूर्वी शिक्षकांनी रात्री बसून ‘सुधारला’. त्यावर लोकप्रिय गाणे चढविले, नावे झळकविली, मान्यवरांची छायाचित्रे घातली. दुसऱ्या दिवशी मुले स्वतःचाच पट परक्यासारखा पाहत होती. हेतू वाईट नव्हता. कार्यक्रमाचा पुरावा म्हणून छायाचित्रे पाठविण्याची जी सवय आम्हा अधिकाऱ्यांच्या मागणीमुळे आपणांस लागली आहे, तिचाच तो परिणाम. परंतु निबंध आपण लिहून त्याखाली मुलाचे नाव घालीत नाही, तोच नियम येथेही पाळला पाहिजे. दृश्य हलले असेल तर हलू द्या.

तसेच हे पट समाजमाध्यमांवर घालू नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता तरी कोणाच्या घराची किल्ली कोणाच्या गळ्यात असते, ही गोष्ट गावभर करण्याची नव्हे. पट शाळेत पाहावा, पालकांना बोलावून दाखवावा आणि शाळेच्याच संगणकात ठेवावा. जे चित्रण वापरले नाही ते मुलांसमोर पुसून टाकावे.

पुढील परिषदेस ज्या शाळांना शक्य असेल त्यांनी मिनिटभराचा एक पट आणावा. विषय मुलांनी निवडावा. पाणी, बैलगाडी, गूळ, बसथांबा, शाळेबाहेर काढून ठेवलेल्या चपला, काहीही चालेल. सोबत सहा दृश्यांचे मूळ कागद आणावेत, खाडाखोडीसह. ते मला पटाइतकेच पाहावयाचे आहेत. ज्यांच्याकडे प्रक्षेपक नाही त्यांच्यासाठी तो केंद्रशाळेत मिळेल, खिडक्यांना लावावयास जाड चादरी मात्र येताना घेऊन याव्यात. पट मूकच असल्यामुळे ध्वनिवर्धकाची व्यवस्था करण्याचे कारण नाही.