बिनतारी जाळे आणि वाट अडविणारे हल्ले

(फुलंब्री येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फुलंब्री तालुक्यातील एखादा शेतकरी मक्याची सोंगणी अर्धी टाकून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात येतो आणि ‘आज नेट नाही’ एवढेच ऐकून परत फिरतो. त्याचा दिवस वाया जातो, एसटीचे भाडेही अंगावर पडते. नेट का नाही, हे मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारला जावा, म्हणून हे विवेचन.

तारेतून जाणारा संदेश तारेपुरता बंदिस्त असतो. वाय-फायचा संदेश रेडिओलहरींवरून मोकळ्या अवकाशातून जातो आणि तो अवकाश सर्वांचा सामाईक असतो. म्हणून प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वी कानोसा घेते. दुसरे कोणी बोलत असल्यास थांबते. ग्रामसभेत एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे, तसाच हा शिरस्ता आहे. हल्लेखोर याच शिस्तीचा गैरफायदा घेतो. तो काही चोरत नाही, कुलूपही फोडीत नाही. इतरांची पाळी येऊ देत नाही, एवढेच. ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणजे सेवा रोखणारा हल्ला तो हाच.

हल्ल्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार गोंगाटाचा. त्याच लहरींवर सतत निरर्थक संकेत सोडले की यंत्रे खोळंबून राहतात. निघालेले संदेश विस्कटतात व पुन्हा धाडावे लागतात. संदेश नीट पोहोचावा म्हणून यंत्र आपला वेग कमी करते आणि अडचण वाढते. १,५०० बाइटचा जो संदेश सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने पाव मिलिसेकंदाच्या आत जातो, त्यालाच १ मेगाबिट वेगाने १२ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ इतरांचीही वाट अडते.

दुसरा प्रकार तोतयेगिरीचा. राऊटरच्या नावाने ‘जोडणी संपली’ असा खोटा निरोप पाठविला जातो आणि संगणक जाळ्याबाहेर पडतो. जुन्या पद्धतीत या निरोपाचा खरेखोटेपणा पडताळण्याची सोय नव्हती. २००९ साली ती झाली आणि २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ पद्धतीत सक्तीची ठरली.

तिसरा प्रकार लोंढ्याचा. दूरदूरची असंख्य यंत्रे एकाच वेळी निरर्थक मागण्या पाठवून मार्ग तुंबवितात. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवर असा हल्ला झाला, ग्राहकांचा वेग मंदावला आणि पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘मिराई’ने केलेल्या हल्ल्यात साधे कॅमेरे व राऊटर वापरले गेले. त्यांपैकी अनेकांचे कारखान्यातील मूळ पासवर्ड तसेच राहिले होते. शाळेतील वा पंचायतीतील कॅमेराही असाच नकळत हल्लेखोराच्या हाती जाऊ शकतो.

निदान आणि उपाय

प्रत्येक खोळंबा म्हणजे हल्ला नव्हे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत. शेजारच्या दुकानांचे राऊटर त्याच वाहिनीवर असले तरी वेग घसरतो. यासाठी सोपी परीक्षा आहे. संगणक तारेने राऊटरला जोडून पाहावा. तारेने काम सुरळीत चालले तर दोष बिनतारी भागात शोधावा. तारेनेही चालले नाही तर तो राऊटरमध्ये किंवा त्यापलीकडे असतो.

दाखले देणारा मुख्य संगणक तारेनेच जोडलेला असावा. मूळ पासवर्ड बदलावेत, राऊटरची प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि अभ्यागतांचे वाय-फाय कार्यालयीन जाळ्यापासून वेगळे असावे. जोडणी कधी तुटली व किती वेळ बंद राहिली, याची नोंद ठेवावी. तक्रारीला तोच आधार ठरतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीचा संगणकप्रवेश रोखण्याचा समावेश आहे. असे कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे आवश्यक आहे.

यंत्र दुरुस्त होईपर्यंत नागरिकाने मात्र ताटकळत राहू नये. अर्ज कागदावर स्वीकारून त्याची पोच द्यावी आणि काम झाल्यावर दूरध्वनीने कळवावे. हल्लेखोराने बिनतारी वाट अडविली, तरी त्या शेतकऱ्याचा हेलपाटा वाचविणे कार्यालयाच्या हाती उरतेच.