आजीची डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. सभेत बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. चिटणीसबाईंच्या आग्रहाखातर उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या वन्सं न्यूयॉर्कला असतात. तिथे १९९३ सालापासून एक चित्रपट महोत्सव भरतो. रेनाल्डो बारोसो-स्पेक आणि डिआरा एनडाऊ-स्पेक या पतिपत्नींनी तो सुरू केला. आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या लोकांच्या गोष्टी त्यात दाखवतात. वन्सं तो पाहून आल्या आणि फोनवर तासभर तेच सांगत होत्या.

हे लोक काही सगळे आपखुशीने पांगले नाहीत. सुमारे सव्वा कोटी माणसांना गुलाम करून, जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार धाडले. त्यांतली जवळजवळ अठरा लाख वाटेतच मेली. जी पोचली त्यांची नावे बदलली, भाषा सुटली, मायलेकरांची ताटातूट झाली.

त्यांच्या गोष्टी दाखवायला मोठी थिएटरे सहसा तयार नसत. हाईले गेरिमा हे इथिओपियात जन्मलेले दिग्दर्शक. त्यांनी १९९३ साली गुलामगिरीवर ‘सांकोफा’ हा चित्रपट काढला. अमेरिकेत तो कोणी वितरक घेईना. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नी शिरिकियाना आयना यांनी वॉशिंग्टनमध्ये स्वतः थिएटर भाड्याने घेतले. एकीने दुसरीला सांगितले, गर्दी लोटली, आणि शहरोशहरीच्या लोकांनी तो आपापल्याकडे आणवला. सांकोफा हा घानामधल्या अकान लोकांचा शब्द. मागे जा आणि राहिलेले घेऊन ये, असा त्याचा अर्थ. मान मागे वळवलेला पक्षी ही त्याची खूण.

दुसरा चित्रपट ज्युली डॅश या बाईंचा, १९९१ सालचा, ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’. तो माझ्या मुलीने मला घरी लावून दिला. १९०२ सालची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेटावरील एक कुटुंब उत्तरेकडे निघाले आहे. निघण्यापूर्वी सगळी एकत्र जेवायला जमतात. बायका भेंडी निवडतात, कोळंबी रांधतात. पणजी मात्र बेट सोडायला तयार नाही. तिची आई तिच्यापासून विकली गेली, तेव्हा आईने कापून दिलेली केसांची बट तिने जन्मभर एका डबीत जपली आहे. ती बट पाहून मला पुढचे काही दिसेना.

मैत्रिणींनो, मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या घरात मालवणी बोलत. शाळेत पोरे हसतील म्हणून मीच मुलांना म्हणे, “आजीसारखे बोलू नका.” हे त्यांच्या कानी गेले. हळूहळू त्या नातवंडांशी बोलायच्याच कमी झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. भातलावणीची त्यांची गाणी होती, त्यांतले एकही मला पुरते येत नाही. त्या लोकांचे दुःख फार मोठे, त्याची बरोबरी मी करीत नाही. पण त्यांच्याकडून जबरीने हिसकावलेले ते शोधून आणतात, आणि मी घरात असलेले हाताने टाकले, याची मला लाज वाटली.

आफ्रिकेची माणसे आपल्याकडेही आली. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर लहानपणी विकला गेला, दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मुरुडजवळचा जंजिरा सिद्दींचा. सिद्दी लोक आजही गुजरात-कर्नाटकात राहतात. आपण सहलीला जाऊन किल्ला पाहतो, पण ही माणसे कुठून, कशी आली, हे कधी विचारले का?

म्हणून माझी एक सूचना आहे. भिशीच्या शिलकेतून एका रविवारी हे सभागृह घ्यावे आणि हा चित्रपट रीतसर परवानगी काढून सर्वांना दाखवावा. इंग्रजी न समजणाऱ्यांना मुलींनी शेजारी बसून सांगावे. मग चहा घेऊन आपल्यातल्या वडील बायकांना बोलते करावे आणि कोणीतरी ते वहीत लिहून घ्यावे. पहिली वही मी आणीन.