खंडी कोणती?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्याच हाताखाली मी तुये गावी अंकगणित शिकलो. एकदा पाटीवर मी उत्तर लिहिले, ‘तीन खंडी’. गुरुजींनी विचारले, “खंडी कोणती रे?” आपल्या गोव्यात खंडी म्हणजे वीस कुडव, धान्याचे माप, घाटावर खंडी म्हणजे वीस मण, वजन. नाव एक, वस्तू दोन. मला गुण मिळाले नाहीत.

पुढे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हा माझा व्यवसाय झाला. ‘सी’ या भाषेत पूर्णांकाच्या एका प्रकाराला ‘इंट’ म्हणतात. १९९० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने त्याचे नेमके माप ठरविले नाही. उणे ३२,७६७ ते अधिक ३२,७६७ एवढे तरी त्यात मावावे, इतकेच बंधन घातले. प्रत्येक यंत्राला सोयीचे माप वापरता यावे, हा हेतू. मोठ्या यंत्रावर लिहिलेली पावत्यांची आज्ञावली मी एका कचेरीतील लहान यंत्रावर नेली. पहिल्यावर इंट ३२ बिटांचा होता, दुसऱ्यावर १६. पावती क्रमांक ३२,७६७ नंतर छापून आला उणे ३२,७६८! एका वृद्ध गृहस्थांनी ती पावती निमूटपणे माझ्यापुढे धरली. दोष यंत्राचा नव्हता. खंडी कोणती, हे मी विचारले नव्हते.

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटाच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, आणि त्या राशीपुरता बचाव गाळलेला होता.

भाषांनीही यातून मार्ग काढला. जावाने इंट ३२ बिटांचाच, असे बजावले. ‘सी’च्या १९९९ च्या प्रमाणकात नावातच बिटांची संख्या सांगणारे प्रकार आले. भास्कराचार्यांनी लीलावतीत गणिताआधी परिभाषा दिली, आणि खारीचे माप सांगताना ती मगधातली, हेही सांगितले. ती शिस्त हीच.

मुलांनो, १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचे माप १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. तेव्हा तुम्ही कामाला लागलेले असाल. त्या यंत्रणांसमोर बसाल, तेव्हा गुरुजींचा प्रश्न आधी विचारा.